अमेरिकी नागरिकाशी लग्न ठरलंय: के-१ व्हिसा, की इथे लग्न करून सीआर-१?

प्रश्न थोडक्यात असा. मुलगी नाशिकची, वय २७, चांगली नोकरी. स्थळ सांगून आलेलं. मुलगा न्यू जर्सीत जन्मलेला, अमेरिकी नागरिक. तो येऊन दोन आठवडे राहून गेला, साखरपुडा झाला. मुलाकडचे म्हणतात, के-१ वर लवकर बोलावून घेऊ, लग्न तिकडेच करू. मुलीच्या आईवडिलांना लग्न नाशिकलाच लावायचंय. तिच्याकडे दहा वर्षांचा टूरिस्ट व्हिसा आहे, म्हणून एका नातेवाइकाने सुचवलं की त्यावरच जा आणि तिथे लग्न करून टाका. तिने विचारलंय, ‘यातला सगळ्यात लवकरचा मार्ग कोणता?’ आणि शेवटी एक ओळ: ‘नोकरीचा राजीनामा कधी देऊ?’

मी गेली २२ वर्षं हीच कागदपत्रं करते आहे. माझं मत आधीच सांगते: नाशिकला लग्न करा, नोंदणी करा, मुलाने आय-१३० हा पत्नीला बोलावण्याचा अर्ज भरावा आणि तुम्ही पत्नी म्हणून सीआर-१ या इमिग्रंट, म्हणजे कायम राहण्याच्या व्हिसावर जा. टूरिस्ट व्हिसाचा विचार डोक्यातून काढून टाका. के-१ काही जोडप्यांसाठी खरोखर योग्य असतो, पण तुमच्या परिस्थितीत मला तो योग्य वाटत नाही. का, ते सविस्तर सांगते.

‘लवकर’ म्हणजे काय, हे आधी ठरवू. सगळे जण विमानात बसण्याचा दिवस मोजतात. मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलीला दुसरा दिवस मोजायला सांगते: ज्या दिवशी तुम्हाला तिथे स्वतःच्या नावावर नोकरी करता येईल, आई आजारी पडली तर कुणालाही न विचारता तिकीट काढून घरी येता येईल आणि परतही जाता येईल, तो दिवस. त्या दिवसापर्यंतचे महिने मोजले की दोन्ही मार्गांचं चित्र पालटतं.

के-१ हा वाग्दत्त वधू किंवा वराचा व्हिसा. तो फक्त अमेरिकी नागरिकालाच मागता येतो, ग्रीन कार्डधारकाला नाही. मुलगा त्यासाठी आय-१२९एफ हा अर्ज भरतो. अर्जाआधीच्या दोन वर्षांत तुम्ही दोघं प्रत्यक्ष भेटलेले असायला हवेत. तुमची ती अट पूर्ण झाली आहे. अर्ज मंजूर झाला की मुंबईत बीकेसीच्या कॉन्सुलेटमध्ये मुलाखत होते. व्हिसा एकाच प्रवेशाचा असतो. उतरल्यापासून ९० दिवसांत त्याच मुलाशी लग्न करायचं. मुदत वाढवून मिळत नाही आणि दुसऱ्या कुठल्या व्हिसावर बदलून घेता येत नाही. लग्नानंतर ग्रीन कार्डसाठी आय-४८५ हा वेगळा अर्ज भरायचा, त्याबरोबर काम करण्याच्या परवान्याचा आणि प्रवासाच्या परवानगीचा.

खरी अडचण इथून पुढे सुरू होते. परवाना येईपर्यंत नोकरी करता येत नाही. के-१ वर उतरल्या उतरल्या परवाना मागण्याची सोय नियमात आहे, पण तो त्या ९० दिवसांपुरताच असल्याने हातात पडेपर्यंत त्याची मुदत संपत आलेली असते. आय-४८५ प्रलंबित असताना ‘अॅडव्हान्स परोल’, म्हणजे ही प्रवासाची परवानगी, न घेता अमेरिकेबाहेर पडलात, तर तो अर्ज सोडून दिला असं धरतात. के-१ एकदाच वापरता येत असल्यामुळे परत शिरताही येत नाही. मग नवऱ्याने पुन्हा आय-१३० भरायचा आणि सगळं पहिल्यापासून.

कोल्हापूरच्या एका मुलीचे वडील ती गेल्यावर चौथ्या महिन्यात आयसीयूत दाखल झाले. तिने रात्री फोन केला तेव्हा तिचा प्रवासाचा परवाना आलेला नव्हता. तातडीच्या परवानगीची सोय असते, ती मागायला आम्ही लागलो. कागद हातात येईपर्यंत नऊ दिवस गेले. वडील वाचले, पण ते नऊ दिवस मी विसरलेले नाही. तेव्हापासून एकुलत्या एका मुलीच्या किंवा आजारी आईवडिलांच्या घरी के-१ बद्दल बोलताना हे मी सगळ्यांत आधी सांगते.

पत्नी म्हणून जाण्याचा मार्ग वेगळा चालतो. लग्न झाल्यावर मुलगा आय-१३० भरतो, तो ऑनलाइनही भरता येतो. मंजूर झाला की फाइल नॅशनल व्हिसा सेंटर या अमेरिकी सरकारी कार्यालयाकडे जाते. तिथे तुम्ही डीएस-२६० हा व्हिसाचा अर्ज भरता, दाखले चढवता, मुलगा आय-८६४ हे आर्थिक हमीपत्र देतो. मग वैद्यकीय तपासणी आणि मुंबईत मुलाखत. प्रतीक्षा इथे नाशिकमध्ये होते: नोकरी चालू, पगार चालू, आईवडील जवळ. आणि नेवार्कला उतरून अधिकाऱ्याने शिक्का मारला त्या क्षणी तुम्ही कायमच्या रहिवासी असता. व्हिसावरचा तो शिक्का वर्षभर ग्रीन कार्डाचंच काम करतो. कार्ड मागाहून टपालाने घरी येतं. दुसऱ्या दिवशी नोकरीला लागलात तरी चालतं. पुढच्या महिन्यात भावाच्या लग्नाला यायचं असेल तर या.

नागरिकत्वाची मोजणीही त्याच दिवसापासून सुरू होते. अमेरिकी नागरिकाच्या पत्नीला, ती त्याच्यासोबत राहत असेल, तर तीन वर्षांनी अर्ज करता येतो. के-१ वाल्यांची ही तीन वर्षं आय-४८५ मंजूर झाल्यावर सुरू होतात.

पैशांचा हिशेबही पाहा. १ एप्रिल २०२४ पासूनच्या दरांनी के-१ च्या मार्गाने आय-१२९एफचे ६७५ डॉलर, व्हिसाचे २६५, आय-४८५चे १,४४० मिळून २,३८० होतात. कामाच्या परवान्याचे २६० आणि प्रवासाच्या परवानगीचे ६३० धरले तर ३,२७०. पत्नीच्या मार्गाने ऑनलाइन आय-१३०चे ६२५, इमिग्रंट व्हिसाचे ३२५, हमीपत्राच्या तपासणीचे १२० आणि कार्डाचे २३५ मिळून १,३०५. वैद्यकीय तपासणी दोन्हीकडे वेगळी. भरायच्या दिवशी दर पुन्हा तपासा, ते बदलतात. के-१ पूर्वी बराच आधी मिळायचा, त्यामुळे जास्तीचे पैसे लोक आनंदाने भरायचे. ते अंतर आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. यूएससीआयएस, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर दोन्ही अर्जांचा चालू कालावधी दिसतो. मुलाला तो आजच बघायला सांगा. के-१ च्या आकड्यात आय-४८५ चे महिने मिळवायला मात्र विसरू नका.

आता तुमच्या घरच्या पेचाकडे येते, कारण मराठी घरांत के-१ ची गाडी इथेच घसरते. मुलीला लग्नाआधी सातासमुद्रापार पाठवायचं म्हटलं की आईचा जीव वरखाली होतो. मग कुणीतरी म्हणतं, ‘निदान छोटासा विधी तरी करून घेऊ, कागद नको करायला.’ घरातले वीस जण, भटजी, अंतरपाट, सप्तपदी. सगळ्यांना वाटतं की नोंदणी केली नाही म्हणजे कायद्याने लग्न झालं नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ याच्या उलट सांगतो. ज्या विधींत सप्तपदी आहे, तिथे सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण आणि बंधनकारक होतो. नोंदणी केली नाही म्हणून तो अवैध ठरत नाही. म्हणजे त्या संध्याकाळी तुम्ही पत्नी झालात आणि के-१ ची पात्रता गेली. मुलाखतीत ‘कुठलाही विवाहविधी झालाय का?’ असं विचारलं आणि नाही म्हणालात, तर ते खोटं विधान. हो म्हणालात, तर के-१ नाकारला जातो आणि आय-१३० पासून सुरुवात. साखरपुडा चालतो, तो तर पुरावा आहे. त्यापुढे एकही विधी नको. तुमच्या आईबाबांना हे पेलणार नसेल, आणि तुमच्या लिहिण्यावरून पेलणार नाही असंच वाटतं, तर के-१ चा विषय इथेच संपतो.

याच्या अगदी उलट चूकही रोज पाहते. ‘आधी रजिस्टर करून टाकू, म्हणजे फाइल लवकर लागेल, खरं लग्न डिसेंबरात थाटात करू.’ यात दोन गोष्टी समजून घ्या. विधी न करताच हिंदू विवाह कायद्याखाली प्रमाणपत्र घेतलं, तर ते पोकळ आहे. विधींशिवाय केवळ प्रमाणपत्राने हिंदू विवाह होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. विधीआधी कायदेशीर लग्न करायचंच असेल, तर ते विशेष विवाह कायदा, १९५४ खाली करा. त्यात दोघांपैकी एक जण नोटिशीआधी किमान ३० दिवस त्या जिल्ह्यात राहत असावा लागतो. तुम्ही नाशिकच्या, ती अट सुटली. नोटिशीनंतर ३० दिवस हरकतींसाठी थांबायचं, मग विवाह अधिकाऱ्यासमोर तीन साक्षीदारांसह लग्न. नोटीस तीन महिन्यांत वापरली नाही तर ती रद्द होते. मुलाला दोनच आठवड्यांची रजा असेल तर हे एका फेरीत बसत नाही. परदेशी नागरिकाकडून अविवाहित असल्याचं प्रतिज्ञापत्रही बहुतेक कार्यालयं मागतात. त्याचं तिकीट काढण्याआधी तुमच्या विवाह नोंदणी कार्यालयात स्वतः जाऊन कागदांची यादी लिहून आणा.

आणि दुसरी गोष्ट, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. त्या सहीनंतर तुम्ही कायद्याने विवाहित आहात. ‘नुसता कागद’ असा काही प्रकार नसतो. डिसेंबरपर्यंत काही बिनसलं तर साखरपुडा मोडल्यासारखं ते मोडत नाही, घटस्फोट घ्यावा लागतो, आणि दोन्ही कायद्यांत अपवाद सोडले तर लग्नाला एक वर्ष होण्याआधी घटस्फोटाचा अर्जही करता येत नाही. दोन आठवड्यांच्या ओळखीवर फाइलच्या घाईपायी सही करू नका, असं मी प्रत्येक आईबापांना हात जोडून सांगते.

तुमच्यासाठी सरळ मार्ग हा: मुलगा येईल तेव्हा नाशिकला विधिवत लग्न, त्याच आठवड्यात नोंदणी, प्रमाणपत्र हातात घेऊनच तो परत जाईल. आय-१३० त्या प्रमाणपत्रावर लागतो. लग्नाची तारीख लांब वाटत असेल तर मुहूर्त अलीकडे ओढा. अमेरिकेतल्या एका ऑनलाइन लग्नाबद्दलही तुम्ही ऐकलं असेल. युटा राज्यात तशी सोय आहे. पण दोघं एका ठिकाणी नसताना लागलेलं लग्न, त्यानंतर दोघांचा प्रत्यक्ष पती-पत्नी म्हणून सहवास झाल्याशिवाय अमेरिकी इमिग्रेशन मानत नाही. तुम्हाला त्या वाटेला जायची गरज नाही.

टूरिस्ट व्हिसाबद्दल सुचवणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. त्यांनी कुणाचं तरी तसं जमलेलं पाहिलेलं असतं. टूरिस्ट व्हिसावर जाऊन अमेरिकेत लग्न करणं हा गुन्हा नाही. न्यू जर्सीत परवान्यासाठी ७२ तास थांबावं लागतं, मग लग्न लागतं आणि तुम्ही वेळेत नाशिकला परतलात तर काहीच बिघडत नाही. बिघडतं ते राहण्याच्या हेतूने जाऊन विमानतळावर ‘फिरायला आले’ म्हटलं की. मनात एक आणि तोंडी दुसरं, याला तिथल्या कायद्यात हेतुपुरस्सर खोटी माहिती म्हणतात आणि त्याची शिक्षा आयुष्यभराची प्रवेशबंदी आहे. माफीचा अर्ज असतो, पण तो मिळवणं फार कठीण. नागरिकाच्या पत्नीला मुदत उलटून राहणं किंवा परवान्याशिवाय काम करणं आय-४८५ मध्ये माफ होऊ शकतं, पण खोटेपणा त्यात माफ होत नाही. ‘९० दिवस थांबून मग लग्न केलं की सुटलो’ हे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. ९० दिवसांत केलं तर संशय आपोआप घेतला जातो, एवढाच त्या नियमाचा अर्थ. त्यानंतरही तुमचे मेसेज, सोडलेली नोकरी, एकतर्फी तिकीट बघून हेतू ठरवता येतो. तुमचा साखरपुडा झालाय, त्याचे फोटो जगासमोर आहेत.

के-१ कुणाला योग्य, तेही सांगते, म्हणजे मी त्याच्या विरोधात आहे असं वाटायला नको. पहिलं लग्न मोडलेल्या, मूल असलेल्या बायकांसाठी तो कधीकधी एकमेव मार्ग असतो. आय-१३० मध्ये सावत्र मूल म्हणून नाव लागायला मूल १८ वर्षांचं होण्याआधी लग्न झालेलं असावं लागतं. के-१ सोबत मात्र २१ वर्षांखालचं अविवाहित मूल के-२ या मुलांसाठीच्या व्हिसावर जाऊ शकतं. मुलगी साडेअठरा वर्षांची असेल तर आई के-१ निवडते, आणि बरोबर करते. समलिंगी जोडप्यांचंही तसंच: भारतात त्यांचा विवाह होत नाही, २०२३ च्या निकालाने ते दार बंदच ठेवलं, म्हणून के-१ वर जाऊन तिथे लग्न करणं हा त्यांच्यासाठी सरळ रस्ता आहे. के-३ नावाचा, लग्न झालेल्या पत्नीसाठीचा एक प्रकार कागदावर आहे. व्यवहारात तो मिळत नाही, त्यात वेळ घालवू नका.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी दोन वाक्यं. नवरा ग्रीन कार्डधारक असेल तर एफ२ए या, ग्रीन कार्डधारकांच्या पत्नी-मुलांच्या रांगेत थांबावं लागतं; दरम्यान तो नागरिक झाला तर त्याच फाइलवर रांग सुटते. मुलगी आधीच एफ-१ या विद्यार्थी किंवा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर अमेरिकेत असेल आणि नागरिकाशी लग्न करत असेल, तर आय-१३० आणि आय-४८५ एकत्र तिथेच भरतात, भारतात यायची गरज नसते.

तुमच्या फाइलमध्ये मला दोन ठिकाणी अडचण येण्याची शक्यता दिसते. पहिलं, नाव. आपल्याकडे लग्नानंतर वडिलांचं नाव जाऊन नवऱ्याचं येतं, आडनाव बदलतं, काही घरांत पहिलं नावसुद्धा. जन्मदाखल्यावर एक, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दुसरं, पासपोर्टवर तिसरं, असं झालं की फाइल परत येते. पासपोर्टवर जे नाव आहे त्याच नावाने विवाह नोंदवा आणि व्हिसा होईपर्यंत काहीही बदलू नका. नाव बदलणं सक्तीचं नाही, हे सासरी मुलानेच सांगावं. जन्मदाखला आत्ताच काढून बघा. नव्वदच्या दशकातल्या कित्येक दाखल्यांवर बाळाच्या नावाची जागा कोरी आहे. महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात ते भरून घ्यायला आठवडे जातात.

दुसरं, मुलाखत. स्थळ सांगून आलं हे लपवू नका. अमेरिकी अधिकाऱ्याला ठरवून केलेलं लग्न कळणार नाही या भीतीने काही जोडपी प्रेमकहाणी रचतात, आणि दोघांच्या तारखा जुळत नाहीत. मुंबईत बसलेल्या अधिकाऱ्यांनी अशी लग्नं ढिगाने पाहिली आहेत. विवाह मंडळातून आलेला बायोडेटा, दोन्ही घरांच्या भेटीचे फोटो, साखरपुडा, लग्नपत्रिका, त्याची विमानाची तिकिटं, रोजचे व्हिडिओ कॉल, हे खरं आहे तसं ठेवा.

हमीपत्राबद्दल मुलीला कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. आय-८६४ वर सही करून नवरा सरकारला करारच देतो की हिला दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के उत्पन्नापर्यंत मी सांभाळीन. दोघांच्या कुटुंबासाठी २०२५ चा तो आकडा वर्षाला २६,४३७ डॉलर होता. मुलाचं उत्पन्न कमी असेल तर सासरे किंवा दुसरा कुणी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक सहहमीदार होऊ शकतो. हा करार घटस्फोटाने संपत नाही. तुम्ही नागरिक व्हाल, किंवा कामाच्या ४० तिमाही भरतील, किंवा कायमच्या अमेरिका सोडाल, तोवर तो चालू राहतो, आणि पत्नी तो न्यायालयात बजावू शकते. त्या हमीपत्राची प्रत स्वतःजवळ ठेवा. पासपोर्ट, ग्रीन कार्ड आणि मूळ दाखलेही स्वतःच्याच कपाटात. लग्नाला दोन वर्षं होण्याआधी शिरलात तर सीआर-१, म्हणजे दोन वर्षांचं सशर्त कार्ड. ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून कार्डावरची अट काढण्यासाठी आय-७५१ हा अर्ज भरायचा. छळ झाला किंवा घटस्फोट झाला तर तो एकटीलाही भरता येतो. हे माहीत नसल्यामुळे दोन वर्षं मुकाट सोसलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. प्रतीक्षा लांबून लग्नाला दोन वर्षं होत आलीच, तर चार दिवस थांबून दुसऱ्या वाढदिवसानंतर शिरा. मग आयआर-१, दहा वर्षांचं कार्ड, आणि आय-७५१ भरावाच लागत नाही.

आता तुमची शेवटची ओळ. राजीनामा मुलाखतीची तारीख आली म्हणून देऊ नका, मुलाखत चांगली झाली म्हणूनही नाही. कधीकधी मुलाखतीनंतरही कागद मागतात आणि फाइल काही आठवडे थांबते. व्हिसा चिकटवलेला पासपोर्ट हातात आल्यावर द्या. व्हिसाची मुदत साधारण वैद्यकीय तपासणीपासून सहा महिने असते, तेवढ्यात पोहोचायचं असतं. तुमची नोटीस तीन महिन्यांची असेल तरी ती पूर्ण करून, शेवटचा पगार आणि भविष्य निर्वाह निधीचे कागद घेऊन निघायला वेळ पुरतो.